तसबीर आणि तिचा धनी

उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे पैनगंगेच्या अलीकडचे, वऱ्हाडातले गाव. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा, म्हणजे १९४८ पर्यंतचा निजामाचा मुलूख. या टापूतील एखाद्या जुन्या घराच्या बैठकीत अद्यापि काचेआडची अशी तसबीर दृष्टीस पडते, की जिच्यात खुर्चीवर पागोटेधारी गृहस्थ बसलेले आहेत, शेजारी नऊवारीतील पत्नी उभी आहे, दोघांच्याही मुद्रेवर स्मिताचा लवलेश नाही, आणि तिच्या कपाळावरचे कुंकू चक्क काळे दिसते आहे. हे काळेपण रसायनाचे. त्या काळच्या काचेच्या प्लेटींवरील लेप निळ्या प्रकाशास तत्पर आणि तांबड्यास जवळजवळ आंधळा असे. त्यामुळेच छायाचित्रकार तांबडा दिवा लावून अंधारखोलीत निर्धास्त वावरे, आणि त्यामुळेच सौभाग्याचा रंग कागदावर काजळासारखा उतरे.

हसू नसण्याचे कारण मात्र ‘तेव्हा फोटोला वेळ लागे’ इतक्या स्वस्तात सांगून भागत नाही. कलोडियनच्या ओल्या प्लेटींच्या जमान्यात मानेमागे लोखंडी आधार लावून बसावे लागे हे खरे. पण सुक्या प्लेटी आल्यावर काम एखाद्या क्षणावर आले, तरी माणसे तशीच बसत राहिली. तसबीर ही त्यांच्या लेखी खरेदीखतासारखी गोष्ट होती. नातवंडांना आपण कोण होतो हे दाखविणारा तो एकच दस्तऐवज, आणि दस्तऐवजावर कोणी हसत सही करीत नाही.

अशा तसबिरी काढणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याची कार्यपद्धती जो जाणतो, त्याला तिच्यातील एक विलक्षण गोष्ट सहसा विसरता येत नाही. तिकाटण्यावरची लाकडी पेटी, पुढे भिंग, मध्ये भाता, मागे दुधी काच. डोक्यावरून काळे कापड घेऊन छायाचित्रकार त्या काचेवर समोरच्या माणसाची उलटी, खाली डोके वर पाय अशी प्रतिमा न्याहाळतो. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. एवढ्या मोठ्या पृष्ठभागासाठी भिंग लांब पल्ल्याचे लागते, आणि ते पुरते उघडे ठेवून बुबुळे रेखीव केली तर कान धूसर होतात. बसणारा बोटभर पुढे झुकला तरी सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो. मग भिंग झाकून, दुधी काचेच्या जागी प्लेटीची स्लाइड सरकवली, की त्या पेटीतून छायाचित्रकाराला काहीएक दिसत नाही. तो कापडाबाहेर येतो, कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहतो, उघड्या डोळ्यांनी समोरच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि भिंगावरची टोपी काढतो. ज्या क्षणी चित्र घडते, नेमक्या त्याच क्षणी त्या दोघांच्या नजरांमध्ये यंत्र येत नाही. पेटी ही बाजूस उभ्या असलेल्या पंचासारखी केवळ साक्षीला असते.

यावरून, संथपणामुळेच बसणाऱ्याला प्रतिष्ठा लाभते, असा सिद्धान्त रसिक मंडळी मोठ्या आवडीने मांडतात. तो मला मान्य नाही. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने आठ खंडांत काढलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’मधील इसमही अशाच अवजड कॅमेऱ्यांपुढे, इतकेच निश्चल उभे राहिले होते, परंतु ते जातीजमातीचे नमुने म्हणून दफ्तरी दाखल झाले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले, आणि १९१६ साली रसेल व हिरालाल यांचा त्या प्रांताच्या जातीजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ आला. त्यात बंजारा स्त्रियांची छायाचित्रे आहेत, पण त्यांची नावे नाहीत. (ग्रंथ निघाला तेव्हा पुसदजवळच्या गहुली तांड्यावर वसंतराव नाईक हे तीन वर्षांचे बालक होते, पुढे मुख्यमंत्री झालेल्या, त्याच समाजातील या बालकाच्या छायाचित्राखाली नाव लिहिण्याचीही गरज उरली नाही.)

नदीपलीकडच्या दरबारात व्यवहार निराळा होता. लाला दीनदयाळ यांना सहाव्या निजामाने ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला, आणि हैदराबादेत त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढून तेथे एका इंग्रज बाईची नेमणूक केली. तिथे बसणारी व्यक्ती स्वेच्छेने येई, दाम मोजी आणि चित्र घरी नेई. कॅमेरा तोच, प्लेट तीच, स्थिरताही तीच. भेद एवढाच, की तसबिरीचा धनी कोण. ढाणकीच्या बैठकीतील त्या अनामिक दांपत्याचा मान मला दरबाऱ्यांहून तसूभरही कमी वाटत नाही, कारण ते आपल्या घरात, आपल्या माणसांत टांगलेले आहे.

परदेशातही हाच तिढा आहे. जर्मनीचा छायाचित्रकार ऑगस्ट झांडर आपल्या शेतकऱ्यांना बहुधा व्यवसायाच्या नावाने ओळख देतो. अमेरिकेचा रिचर्ड अ‍ॅव्हेडन १९७९ ते १९८४ या वर्षांत आठ बाय दहा इंची कॅमेऱ्याच्या शेजारी उभा राहून पश्चिमेकडच्या खाणकामगारांची आणि भटक्यांची चित्रे घेतो, तेव्हा खाली नाव, काम, गाव आणि तारीख नमूद करतो. तरी ती चित्रे संग्रहालयांच्या भिंतींवर गेली, यात त्या खाणकामगारांना काय मिळाले, हा प्रश्न उरतोच.

उद्या कोणी हौशी तरुण असा कॅमेरा घेऊन ढाणकीच्या बाजारात किंवा आसपासच्या तांड्यावर आला, तर त्याची प्रतिभा नंतर तपासू. त्याने प्रत दिली की नाही हे मी प्रथम विचारीन. मोठ्या निगेटिव्हला एन्लार्जर लागत नाही. सूर्यप्रकाशात उमटणारा कागद तिच्याशी चौकटीत दाबून बाहेर ठेवला, नंतर धुऊन पक्का केला, की निगेटिव्हएवढी प्रत तयार होते. आणि उन्हाच्या टंचाईची सबब यवतमाळ जिल्ह्यात कोणी ऐकून घेणार नाही.