बॅटरीचं वय कोण सांगणार?

मेढा-सातारा रोजच्या ये-जा करण्यासाठी घेतलेली दीड लाखाची इलेक्ट्रिक स्कूटर तीन वर्षांनी विकायला काढली. साताऱ्यातल्या दलालाने तोंडावर सांगितलं, 55 हजार. गाडीला एक ओरखडा नाही! पण नव्या गाड्या स्वस्त झाल्यात, आणि बॅटरी गेली तर तो मोठा खर्च पुढच्या मालकाच्या डोक्यावर.

लायसन्स राजमध्ये उलटं होतं. बजाज चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत, आणि वापरलेली चेतक नव्यापेक्षा महाग जाई. 2020मध्ये तेच नाव इलेक्ट्रिक होऊन परत आलं. मला मात्र दुसराच फरक खुपतो. जुन्या स्कूटरचं दुखणं लपत नसे. धूर दिसायचा, इंजिन खडखडायचं. लिथियम बॅटरी चार्जिंगच्या फेऱ्यांनी, उन्हाने गुपचूप झिजते. दलालाला आत दिसत नाही, म्हणून तो वाईटातलं वाईट धरूनच भाव पाडतो. म्हणजे गप्प बसणाऱ्या विक्रेत्यांची किंमत बोलणाराही मोजतो.

केळघरकडच्या एका दूधवाल्याने 70 हजार देऊ केलेत. रोज घाट चढणार आहे. शंभर किलोमीटर जाणारी गाडी आता सत्तरला मान टाकते, हे फक्त मला ठाऊक.

"दादा, गाडी चांगली हाय न्हवं?"

"हो," म्हणालो. खोटं नव्हतं. पण रात्री झोप लागली नाही.

सकाळी फोन केला. म्हटलं, फुल चार्ज करून देतो, कॅन लादून घाट चढून या, मग भावाचं बोलू. तो रविवारी येतोय.