विमानातला घोडा, वीटभट्टीवरचं गाढव

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की लोह्याच्या पुढे माळेगाव येतं. मार्गशीर्षात इथे खंडोबाची यात्रा भरते आणि यात्रेसोबत जनावरांचा बाजार. देवच घोड्यावर बसणारा, तेव्हा बाजारात मान घोड्याचा. पण त्याच माळावर गाढवं असतात, खेचरं असतात, उंट असतात. घेणारा आधी घोड्याभोवती नुसती एक चक्कर मारतो. मग ओठ वर करून दात बघतो, पायावरून हात फिरवतो, अंगावरचे भोवरे शोधतो. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याण म्हणून भाव चढतो. एखादा भोवरा नको त्या जागी निघाला तर देखणं जनावरही दाव्याला तसंच राहतं. शेवटी मालक घोडा पळवून चाल दाखवतो. वय दातांवरून, नशीब भोवऱ्यावरून, बाकीचं चालीवरून. व्यवहार ठरतो, घोडा टेम्पोत चढतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात निघून जातो.

मुंबईच्या महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या मैदानावर धावणाऱ्या घोड्याला परदेशी जायचं असेल, तर त्याचीही अशीच नखशिखांत पाहणी होते. गंमत म्हणजे तिथेही भोवरे बघतात. घोड्याच्या पासपोर्टात माणसासारखा फोटो लावून भागत नाही. त्यात घोड्याची बाह्याकृती छापलेली असते आणि पशुवैद्य त्या आकृतीवर कपाळावरचा टिळा, पायांचा पांढरा भाग आणि प्रत्येक भोवरा खूण करून भरतो. माळेगावात जो भोवरा घरात बरकत येणार की नाही हे सांगतो, तोच विमानतळावर हा घोडा तोच आहे याची साक्ष देतो. आता मानेत मायक्रोचिपही बसवतात, पण भोवऱ्याचं काम अजून सुटलेलं नाही.

खरा फरक पुढे सुरू होतो. विमानात चढणाऱ्या घोड्याचं रक्त काढतात. पण रक्ताकडे वळण्याआधी प्रवासाचं बघू.

घोड्याचा विमानप्रवास म्हणजे बराचसा त्याच्या फुप्फुसांचा प्रवास. मालवाहू विमानात घोड्यांसाठी खास पेट्या असतात. एका पेटीत साधारण तीन घोडे शेजारी शेजारी उभे राहतात. घोड्यासकट पेटी उचलून विमानात सरकवतात. सोबत मोतद्दार असतो. समोर वाळल्या गवताची जाळी टांगलेली असते, कारण तोंड चालू असलं की घोडा शांत राहतो. गुंगीचं औषध शक्यतो टाळतात. उंच आकाशात अर्धवट गुंगीतला पाचशे किलोचा प्राणी बिथरला तर आवरणार कोण? एवढं करूनही मोठी भीती उरते ती दोराची. घोडा दिवसाचा बहुतेक वेळ मान खाली घालून चरतो आणि मान खाली असताना श्वासनळीतला कफ आपसूक बाहेर येतो. प्रवासात त्याचं डोकं वर बांधलेलं राहिलं की हा निचरा थांबतो, घशातले जंतू खाली उतरतात आणि दोन-तीन दिवसांत ताप चढतो. हा प्रवासज्वर फुप्फुसावरणापर्यंत गेला तर जनावर हातचं जातं. म्हणून जाणते लोक दर काही तासांनी दोर सैल करून घोड्याला मान खाली घालू देतात आणि पोहोचल्यावर पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजतात.

या रोगाला विमान आणि टेम्पो यांतला फरक कळत नाही. माळेगावहून तापीकाठच्या सारंगखेड्याला निघालेल्या घोड्याची मान हौद्याच्या गजाला आखूड बांधली, तर त्याच्या फुप्फुसात तेच घडतं. एका ठिकाणी सोबत थर्मामीटर असतो, दुसऱ्या ठिकाणी नसतो, एवढंच.

घोडा दूर न्यायचा तर त्याच्यामागून त्याचं ज्ञानही न्यावं लागतं, हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून माहीत आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्ववैद्यकाची परंपरा त्याचीच खूण. दक्षिणेत लढाईचा चांगला घोडा पुरेसा निपजत नाही, तो समुद्रावरून आणावा लागतो, ही दख्खनच्या सत्तांची कायमची अडचण होती. मार्को पोलोने लिहून ठेवलं आहे की दक्षिणेतले राजे दरवर्षी हजारो घोडे विकत घेत आणि त्यातले बहुतेक वर्षभरात मरत, कारण त्यांची निगा राखणारे जाणकार तिथे नव्हते. घोडे विकणारे व्यापारीच असे जाणकार तिकडे जाऊ देत नसत, असंही तो म्हणतो: घोडे जगले तर पुढच्या वर्षीचा धंदा बुडेल! १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा जहाजात घालून चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि मोठ्या मिनतवारीने परत दिला. पुढे निकितीनने तो बीदरला, म्हणजे आपल्या उदगीरच्या शेजारीच, विकला. एवढ्या लांबच्या प्रवासात त्याच्यामागे चौकशा बऱ्याच लागल्या: तू कोण, तुझा धर्म कोणता, घोडा कोणाचा. घोड्याच्या अंगात कोणता रोग आहे, हे मात्र विचारल्याचं तो कुठे सांगत नाही.

आज तो प्रश्न पहिला विचारतात, आणि त्याचा रोख घोड्यापेक्षा त्याच्या मुलखावर जास्त असतो. घोडा धडधाकट आहे ना, एवढ्याने काम भागत नाही. गेल्या काही महिन्यांत तो कुठे राहिला, त्या भागात ग्लँडर्स आढळला का, सर्रा आढळला का, आफ्रिकन अश्वज्वराची काय स्थिती आहे, सांसर्गिक रक्तक्षयाची चाचणी केली का, इन्फ्लुएन्झाची लस कधी टोचली? माणसाच्या दाखल्यावर गावाचं नाव असतं. घोड्याच्या दाखल्यावर जवळपास गावाची प्रकृतीच लिहिलेली असते.

या कडकपणामागे अनुभव आहे. १९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला झालं, पण घोडेस्वारीच्या स्पर्धा अर्ध्या पृथ्वीपलीकडे स्टॉकहोममध्ये घ्याव्या लागल्या, कारण ऑस्ट्रेलिया आपले विलगीकरणाचे नियम शिथिल करायला तयार नव्हता. एका देशाचं ऑलिंपिक दोन खंडांत वाटलं गेलं ते घोड्यांच्या आजारपणाच्या भीतीने. ही भीती अनाठायी नव्हती. २००७ मध्ये त्याच ऑस्ट्रेलियात विमानाने आलेल्या घोड्यांबरोबर इन्फ्लुएन्झा शिरला. घोडे विलगीकरणातच होते, पण तिथे ये-जा करणाऱ्या माणसांच्या अंगावरून किंवा सामानावरून विषाणू बाहेर पडला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. देशभर घोड्यांची हालचाल थांबली, शर्यती बंद पडल्या. भिंत घोड्यासाठी बांधली होती. रोग माणसाच्या पायाने बाहेर गेला.

आपल्याकडची आठवण याहून भीषण आहे. १९६० मध्ये आफ्रिकन अश्वज्वर मध्यपूर्वेतून सरकत भारतात पोहोचला. त्या दोन-तीन वर्षांत पश्चिम आणि दक्षिण आशियात मिळून तीन लाखांहून अधिक घोडे, खेचरं आणि गाढवं मेली. हा रोग बारीक चिलटं पसरवतात. घोडा त्यात पटकन मरतो. गाढव पुष्कळदा काही लक्षण न दाखवता तो अंगात वागवतं. ग्लँडर्सचं याच्या उलट. गाढवाला तो झपाट्याने मारतो, नाकातून स्राव, अंगावर गाठी, आणि खेळ संपतो. घोड्यात मात्र तो महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. म्हणजे एकाचा छुपा पाहुणा दुसऱ्याचा काळ. वर ग्लँडर्स माणसालाही होतो. त्यावर लस नाही, बाधित जनावराला मारणं हाच नियम. इंग्रजांनी त्यासाठी १८९९ मध्येच कायदा केला होता. २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याने पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हा तो इतिहासजमा झाला नसल्याचं सगळ्यांना कळलं. आजही संशयित जनावराच्या रक्ताच्या अंतिम निदानासाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे बघावं लागतं.

आता या सगळ्याचा आपल्या घोडेस्वारांवर काय परिणाम होतो ते बघा. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकलं. संघात मुंबईचा हृदय छेडा होता, इंदूरची सुदीप्ती हजेला होती. पण ही मुलं वर्षानुवर्षं युरोपात राहून शिकली आणि त्यांचे घोडेही तिथलेच. भारतात वाढलेला घोडा थेट अशा स्पर्धेला नेणं जवळपास अशक्य होतं, कारण आयात करणारे देश म्हणत: तुमचा घोडा निरोगी असेल, तुमच्या मुलखाची हमी कोण देणार? जुलै २०२५ मध्ये यावर एक वाट निघाली. मेरठ छावणीतल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटरिनरी कोअरच्या केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने ‘रोगमुक्त कप्पा’ म्हणून मान्यता दिली. रक्तक्षय, इन्फ्लुएन्झा, पायरोप्लाझ्मोसिस, ग्लँडर्स आणि सर्रा या पाच रोगांपासून तो तबेला मुक्त आहे, हे जगाने मान्य केलं. देशाची हमी देता येत नसेल तर एका तबेल्याची द्या, अशी ही युक्ती.

युक्ती शहाणपणाची आहे, आणि तिच्यामुळे भारतीय घोड्यांना परदेशी स्पर्धांची दारं उघडतील. तरी तिच्यात एक कबुली दडलेली आहे. कप्पा करावा लागतो, याचा अर्थ कप्प्याबाहेरच्या मुलखावर आपला स्वतःचाही भरवसा नाही. बाहेर कोण आहे? लग्नाच्या वरातीतला घोडा आहे, टांग्याचा घोडा आहे, नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या हल्लाबोल मिरवणुकीत हजारोंच्या गर्दीतून चालणारा गुरूंचा घोडा आहे. आणि सगळ्यांत मागे, ज्याला कोणी मोजत नाही, ते वीटभट्टीवरचं गाढव आहे.

हे गाढव दिवाळीनंतर मालकाच्या कुटुंबाबरोबर भट्टीवर येतं, पावसाच्या तोंडावर दुसरीकडे जातं. अर्धपोटी राहतं, पाठीवरच्या जखमांवर माश्या बसतात, एकाच हौदावर दहा जनावरं पाणी पितात. ग्लँडर्सच्या जंतूला याहून सोयीची जागा नाही. यात्रेत ते विकायला येतं तेव्हा ज्याच्या शेजारी उभं राहतं, तो लाखाचा घोडा असू शकतो. पाण्याची बादली दोघांना एकच. तिथून पुढे जंतू कुठवर जाईल याचा हिशोब कोणी ठेवत नाही, पण दिल्लीत बसून देशाच्या अश्वारोग्याचा अहवाल लिहिणाऱ्याला शेवटी या बादलीचंच उत्तर द्यावं लागतं. महालक्ष्मीच्या घोड्याचा पासपोर्ट वीटभट्टीवरच्या गाढवाच्या नाकात अडकला आहे, तो असा.

आरोग्य ही ज्याची त्याची मालमत्ता आहे, असं आपण सहज धरून चालतो. श्रीमंताचं श्रीमंताला, गरिबाचं गरिबाला. घोडा हे गृहीत मोडून काढतो, आणि तेही दोन बाजूंनी. शिवारात नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाला दवाखान्यात जी प्रतिविषाची सुई मिळते, ती घोड्याच्या रक्तातून बनते. परळच्या हाफकिन संस्थेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टडफार्मवरचे शर्यतीतून उतरलेले घोडे याच कामासाठी हाफकिनला जात, आणि त्या व्यवहारातूनच सायरस पूनावालांना १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढण्याची दिशा सापडली. मैदानावर धावून झालेला घोडा असा अनोळखी शेतकऱ्याच्या शिरेत उतरतो. जंतूलाही हा रस्ता बंद नाही. आपल्या हातात एवढंच असतं की या रस्त्यावरून औषध जावं की रोग, ते ठरवणं.

मग करायचं काय? मराठवाड्यात माणसांची उणीव नाही. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शिकणारी मुलं याच मातीतली, बैलांची नाडी ओळखणारी. लातूरच्या देवणीचं आणि नांदेडच्या लाल कंधारीचं नाव आपण अभिमानाने घेतो, भीमथडी घोड्याचीही आता स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झाली आहे. नाव नोंदवलं, आता रक्तही नोंदवायला हवं. माळेगावच्या बाजारात शिरताना प्रत्येक घोड्या-गाढवाचा नमुना घेतला जावा, भट्टीवर दर हंगामाला डॉक्टर जावा, आणि तिथे गेल्यावर त्याने घोड्याइतकीच गाढवाचीही नाकपुडी बघावी.

यातलं शेवटचं सर्वांत अवघड, कारण ते एकट्या डॉक्टरच्या हातात नाही, आधी मालकाने खरं सांगावं लागतं. ज्याच्या घरात दोन गाढवांवर चूल पेटते, त्याने एका गाढवाच्या नाकातून पाणी वाहतंय हे कशासाठी सांगावं? सांगितलं तर जनावर मारलं जाणार. भरपाईची सोय आहे. पण ती वेळेवर आणि पुरेशी हातात पडेल हा विश्वास नसेल, तर तो रातोरात बिऱ्हाड हलवेल आणि रोग त्याच्याबरोबर पुढच्या गावी जाईल. मेरठचा कप्पा, हिसारची प्रयोगशाळा, विमानतळावरचं विलगीकरण हे सगळं त्या माणसाच्या एका खऱ्या बोलण्यावर उभं आहे. गाढवाच्या मालकाला खरं बोलणं परवडेल इतपत व्यवस्था केली, तर घोड्याच्या दाखल्याला किंमत येईल. तोवर त्या दाखल्यात एका तबेल्याची खात्री आहे, मुलखाची नाही.