आप्त की आप्तेष्ट?

3 ऑक्टोबर 2014, शुक्रवार, विजयादशमी. त्या दिवशी नागपूरकरांचे कान दोन आणि आवाज तीन अशी गत झाली होती. रेशीमबागेच्या मैदानावरून सरसंघचालक मोहन भागवत यांचं दसऱ्याचं भाषण दूरदर्शनने थेट दाखवलं. त्याच दिवशी आकाशवाणीवर पंतप्रधानांच्या ‘मन की बात’चा पहिला भाग लागला. आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची दरवर्षीची अफाट गर्दी लोटली होती. पांढरे कपडे, निळे झेंडे, डोक्यावर वळकटी आणि हातात पुस्तकांच्या पिशव्या.

दूरदर्शनवरून लगेच वाद पेटला. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीने एका संघटनेच्या प्रमुखाचं भाषण थेट का दाखवावं, असा विरोधकांचा सवाल होता. ते भाषण बातमी म्हणून महत्त्वाचं होतं, असं उत्तर तेव्हाचे माहिती-प्रसारणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी दिलं. वर्तमानपत्रांनी चार-पाच दिवस या वादावर रकाने भरले. असल्या वादांचा निकाल नागपूरच्या पानठेल्यावर मात्र एका वाक्यात लागतो : “अबे, तो तर त्यांचाच हाय ना!”

हे वाक्य फार सोयीचं आहे. ते दूरदर्शनला लागू पडतं, खासगी वाहिन्यांना पडतं, सकाळच्या पेपरला पडतं आणि बीबीसीलाही पडतं. बोलणारा काय बोलला हे ऐकायच्या आत तो कोणाचा हे ठरतं आणि खर्रा घोटून होईस्तोवर प्रकरण संपतं. वरवर ही राजकारणाची गोष्ट दिसते. पण हिच्या तळाशी भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं घासलेला एक प्रश्न पडून आहे : स्वतः न पाहिलेली गोष्ट दुसऱ्याच्या सांगण्यावरून खरी मानावी का, आणि मानायची तर कोणाच्या?

नैयायिकांचं उत्तर असं की मानावी, पण सांगणारा ‘आप्त’ असला तर. शब्द हे त्यांच्या मते ज्ञानाचं स्वतंत्र साधन, म्हणजे प्रमाण. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताची व्याख्या केली आहे. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळलेली आहे आणि जशी कळली तशीच ती दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. एवढ्यावर तो थांबत नाही. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखंच लागू आहे, असंही तो बजावतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या पंडिताने जात, कूळ आणि देश हे तिन्ही रकाने अर्जातून खोडून टाकले होते.

बौद्ध तार्किकांना एवढंही पुरेसं वाटलं नाही. दिङ्नागाने शब्दाचं स्वतंत्र प्रमाणपणच नाकारलं. कोणी काही सांगितलं आणि ते पटलं, तर तिथे आपण अनुमानच केलेलं असतं, असं त्याचं म्हणणं. मीमांसक दुसऱ्या टोकाला गेले. माणूस बोलला की चूक आली, लबाडी आली. म्हणून बोलणाराच नसलेला शब्द निर्दोष, तो वेद, अपौरुषेय. पुराणातली आकाशवाणी ऐकणाऱ्यांना तशीच वाटत असणार. कंसाने ‘हा कोणाचा आवाज’ असं विचारलं नाही. आणि ती वाणी खरी होती, हे विसरायला नको. चुकलं ते ऐकणाऱ्याने तिचं जे केलं ते.

आपल्या रेडिओने हेच नाव घेतलं. 1935 मध्ये म्हैसूरच्या एका खासगी केंद्राने ते आधी वापरलं आणि पन्नाशीच्या दशकात ऑल इंडिया रेडिओने ते उचललं. 2023 पासून इंग्रजी नाव बाजूला पडून ‘आकाशवाणी’ एवढंच उरलं. नागपूर केंद्र 1948 चं. शहर देशाच्या मध्यावर, म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रात्रीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी हजार किलोवॉटचं प्रक्षेपण इथूनच सुरू झालं. मध्यम लहरी रात्री वरच्या आयनमंडळावर आदळून दूरवर पोचतात, त्यामुळे नागपूरजवळच्या मनोऱ्याचा आवाज काळोखात देशभर जाई. बातम्या वाचणाऱ्याचं नाव श्रोत्याला कळे. त्या लिहिल्या कोणी आणि त्यांतलं कापलं कोणी, हे कळत नसे.

ते कधीकधी अगदी उघडं पडलं. 31 ऑक्टोबर 1984 रोजी सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीने त्यांच्या मृत्यूची बातमी दिली त्यानंतर काही तासांनी, संध्याकाळी, आकाशवाणीने ती दिली. खेड्यापाड्यांत तोवर ‘बीबीसीने सांगितलं’ हा बातमीवरचा शिक्काच झाला होता. वात्स्यायनाचा म्लेच्छ आप्त म्हणतात तो हाच. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या रेडिओवर, आपलं सरकार आपल्यालाच काही सांगत नाही म्हणून विश्वास ठेवायचा, यात दुखण्यासारखं पुष्कळ होतं. पण तो विश्वास त्या वेळी जागेवर होता.

युद्धाच्या बाबतीत हे सगळं जास्त अवघड होतं, कारण तिथे प्रत्येक जण कोणाचा तरी असतोच. 1942 ची मुंबई घ्या. उषा मेहता आणि त्यांचे साथीदार जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते; ऑगस्टमध्ये सुरू झालेलं ते केंद्र नोव्हेंबरमध्ये पोलिसांच्या हाती लागलं. सुभाषबाबू बर्लिनहून बोलत होते. आणि त्या वर्षाच्या अखेरीस ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावरून व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. विषय होता भारतीय कामगाराला हे युद्ध जिंकायचं का आहे. तिघांनीही आपली बाजू लपवली नव्हती. ‘त्यांचाच हाय ना’ म्हणून तिघांनाही उडवून लावता आलं असतं, आणि पुष्कळांनी लावलंही असेल.

बाबासाहेबांचं ते भाषण सरकारी रेडिओवर, सरकारच्या मंत्र्याने, सरकारच्या युद्धाच्या बाजूने केलेलं होतं. पण त्यात त्यांनी जे म्हटलं ते सरकारला पूर्ण सोयीचं नव्हतं. नाझींची नवी व्यवस्था गाडायची याचा अर्थ जुनी व्यवस्था परत आणायची असा नाही, कामगाराची लढाई दोन्हींशी आहे, हे त्यांनी त्याच ध्वनिक्षेपकावरून सांगितलं. बाजू घेणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. मराठीत ‘पक्षपात’ या एकाच शब्दाखाली आपण दोन्ही झाकतो. न्यायाच्या वादपद्धतीत पक्ष असणं हा गुन्हा नव्हता. पूर्वपक्ष वाकडा मांडणं हा होता.

नंतर 3 ऑक्टोबर 1954 रोजी बाबासाहेब पुन्हा रेडिओवर आले, या वेळी स्वतःचं जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगायला. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतली नाहीत, त्यांचं मूळ धर्मात, बुद्धाच्या शिकवणीत आहे, असं त्यांनी सांगितलं. तारीख पुन्हा पाहावी. बरोबर साठ वर्षांनी, त्याच दिवशी, त्याच आकाशवाणीवर ‘मन की बात’ सुरू झाली. यातून काही अर्थ काढायचं कारण नाही; योगायोग आहे. पण सरकारी रेडिओच्या एकाच खुंटीला काय काय टांगलं जातं ते यात दिसतं.

अमेरिकेत हा प्रश्न बाजारावर सोडला गेला. वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजू मांडा, असं प्रसारकांना बांधून घालणारा 1949 चा नियम 1987 मध्ये गेला. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि तासन्तास एकाच बाजूने बोलणारा रेडिओ हा मोठा धंदा बनला. भारताने उलटी वाट धरली. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाच नाही. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवायचं. त्यामुळे नागपूरच्या एफएमवर तर्री-पोह्यांवर तासभर गप्पा रंगतात, युद्धावर नाही. ती चर्चा मग वाहिन्यांवर जाते, मोबाइलवर जाते, ठेल्यावर जाते.

खरं तर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची किंवा कोणा एकाची मक्तेदारी नको, असा निकाल दिला होता. पीठावर न्या. पी. बी. सावंत होते, आपल्याच राज्यातले. लहरी जनतेच्या असतील, तर एफएमचा निवेदक बातमी देऊ शकत नाही आणि सरकारी निवेदक देऊ शकतो, हे कोणत्या न्यायाने? प्रश्न अजून लोंबकळतोच आहे.

मोकळ्या बाजारात काय होतं तेही पाहून झालंय. मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत काही वृत्तवाहिन्यांनी रात्रभर शत्रूची बंदरं उद्ध्वस्त केली, शहरं जिंकली, सकाळी त्यातलं काहीच झालेलं नव्हतं. पडद्यावर भोंगे इतके वाजले की नागरी संरक्षणाच्या हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज कार्यक्रमांत वापरू नका, अशी सूचना केंद्राला माध्यमांना द्यावी लागली. खरा भोंगा वाजेल तेव्हा लोकांना तो कार्यक्रमातलाच वाटेल, ही भीती. आणीबाणीच्या प्रसंगी मदत कशी करायची याचं देशपातळीवरचं प्रशिक्षण देणारी संस्था 1957 पासून ज्या शहरात होती, त्या नागपूरला हे वेगळं समजावून सांगायला नको. शब्दप्रमाण बुडतं कसं, याचं इतकं सोपं उदाहरण न्यायाच्या पोथीतही सापडणार नाही.

याउलट चंद्र. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी विक्रम यान उतरलं असं इस्रोने सांगितलं आणि एका माणसानेही ‘कशावरून’ म्हटलं नाही. पाहिलेलं कोणी नव्हतं. तिथे हवा नाही, त्यामुळे आवाजही नाही. सव्वा सेकंदाचा प्रवास करून आलेले रेडिओ संकेत तेवढे होते. शब्द हा आकाशाचा गुण, असं वैशेषिक मानत; त्यांना चंद्रावरच्या या शांततेचं काय करावं ते सुचलं नसतं. पण इस्रोवरचा विश्वास काही 2023 मध्ये जन्मला नाही. 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे, सारा देश बघत असताना, याच संस्थेच्या अध्यक्षांनी 2.1 किलोमीटर उंचीनंतर आधीच्या यानाशी संपर्क तुटल्याचं तोंडाने सांगितलं होतं. पुढे त्या यानाचे अवशेष नासाच्या छायाचित्रांत शोधायला चेन्नईच्या एका हौशी अभियंत्याने मदत केली. नेमकं काय चुकलं, हे पुढच्या मोहिमेच्या तोंडावर तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी सविस्तर सांगितलं. स्वतःच्या गैरसोयीचं बोललेला माणूस पुढच्या वेळी सोयीचं बोलला तरी पटतो. वात्स्यायनाने ‘जसं कळलं तसं सांगण्याची इच्छा’ म्हटलं, तिची परीक्षा आणखी कुठे होणार?

आता केसपुत्त गावच्या कालामांची गोष्ट. नागपुरात ती पुष्कळांना तोंडपाठ असते. गावात एकामागून एक गुरू येतात, प्रत्येक जण आपलं मत उजळवतो आणि दुसऱ्याचं पायदळी तुडवतो. आम्ही कोणाचं खरं मानू, असं ते बुद्धाला विचारतात. तो त्यांना न मानण्याच्या दहा जागा सांगतो. यादीची सुरुवातच ऐकीव गोष्टीने होते आणि शेवट ‘हा श्रमण आमचा गुरू आहे’ या कारणाने. म्हणजे बुद्धाने स्वतःलाही त्या यादीतून वगळलं नाही. रामदासांनीही दासबोधात श्रवणभक्ती सांगताना चंद्रलोक-सूर्यलोकापर्यंतचं सगळं ऐकायला सांगितलं आणि त्यातलं सार निवडायचं काम ऐकणाऱ्यावर टाकलं. हे दोघे एका बाजूला बसतील असं सहसा कोणाच्या मनात येत नाही.

अडचण अशी की ऐकणाऱ्याने निवडायचं कशाच्या जोरावर? इथे मराठीनेच आपली चहाडी केली आहे. न्यायशास्त्रातला ‘आप्त’ म्हणजे विश्वासार्ह सांगणारा. मराठीत हाच शब्द आला आणि नातेवाईक होऊन बसला : आप्तेष्ट, आप्तस्वकीय. लग्नपत्रिकेत तो दिसतो, तर्कात नाही. जो खरं सांगतो तो आपला, ही दिशा होती. जो आपला तो खरं सांगतो, ही झाली. माध्यमांच्या पक्षपाताबद्दलची आपली बहुतेक ओरड नीट ऐकली तर तक्रार खोटेपणाची नसतेच. तो आपल्या भावकीतला नाही, एवढीच असते. भावकीतल्याने रात्रभर खोटी बंदरं उडवली तर त्याला उत्साह म्हणतात.

याची सर्वांत मोठी साक्ष नागपुरातच आहे. धम्मदीक्षेसाठी बाबासाहेबांनी नागपूर का निवडलं? संघाचं मुख्यालय इथे आहे म्हणून, त्यांच्या नाकावर टिच्चून, असं तेव्हा बोललं गेलं. 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात त्यांनी याला स्वतः उत्तर दिलं : तसा हेतू नव्हता, बौद्ध धर्म पसरवणारे नाग लोक या भागातले, म्हणून नागपूर. आपल्यावर वर्षानुवर्षं टीका करत आलेल्या वृत्तपत्रांचाही त्यांनी तिथेच समाचार घेतला. ज्याला कारण ठाऊक होतं असा एकच माणूस होता आणि त्याने ते हजारोंसमोर उभं राहून सांगितलं. वात्स्यायनाला याहून मोठा आप्त कुठून आणून द्यावा? तरीही जुनी गोष्ट अजून चालू आहे. काही जण ती रागाने सांगतात, काही जण अभिमानाने. दोन्हीकडे ती आपापल्या आप्तेष्टांकडून आलेली असते.

त्या भाषणाची पुस्तिका दर दसऱ्याला दीक्षाभूमीबाहेरच्या स्टॉलवर मिळते, कॅलेंडरं आणि मूर्तींच्या शेजारी. पातळ आहे, एका बैठकीत वाचून होते. नागांचा भाग शोधायला फार पानंही उलटावी लागत नाहीत.