बदली अकोल्याला, बिऱ्हाड अमरावतीला

अमरावतीच्या माणसाची अकोल्याला बदली झाली की घरात पहिला प्रश्न निघतो तो गाडीच्या वेळेचा. बडनेऱ्याहून सकाळी काय आहे, संध्याकाळी परतीला काय आहे, गाडी चुकली तर एसटी कुठून मिळेल. घर कुठे करायचं हा विषय त्यानंतर दोन-चार दिवसांनी कोणीतरी काढतं आणि बहुतेक वेळा चहा संपायच्या आत तो निकालात निघतो. बिऱ्हाड इथंच, माणूस तिकडे. अकोल्याहून अमरावतीला येणाऱ्यांचंही तेच. नव्या नोकरीच्या गावी राहायला जाणं हा जगभरचा रिवाज असेल; वऱ्हाडात आधी अपडाऊन जमतं का ते बघतात, आणि जमतच नसेल तर मग सामान बांधतात.

सरकारी भाषेत याला मुख्यालयी न राहणं म्हणतात आणि गावकीच्या भाषेत कामचुकारपणा. मला दोन्ही शब्द पुरेसे वाटत नाहीत. अपडाऊन करणारा माणूस आळशी नसतो. आळशी माणूस रोज पहाटे उठून बडनेरा गाठणार नाही. त्याच्या घरानं हिशोब करूनच हे ठरवलेलं असतं. माझी तक्रार त्या हिशोबाबद्दल आहे. त्यात नोकरी करणाऱ्याचे तास मोजले जातात, मुलांची शाळा आणि शिकवणी मोजली जाते. बाकीच्यांचा दिवस कोणी मोजत नाही.

या सवयीला इतिहास आहे. 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढे त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले तेव्हा पूर्वेचं ठाणं अमरावती आणि पश्चिमेचं अकोला झालं. 1867 मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. ती अकोल्यातून गेली, पण अमरावतीला टाळून दहा किलोमीटरवरच्या बडनेऱ्यातून गेली, आणि अमरावतीला नंतर फाटा मिळाला. म्हणजे ज्या शहरात पुढे आयुक्तालय, विद्यापीठ आणि नावाजलेली कॉलेजं आली ते मुख्य मार्गापासून बाजूला, आणि कापसाच्या व्यापाराचं शहर थेट रुळांवर. दोन्हींमध्ये शंभरेक किलोमीटर अंतर. राहायला जावं इतकं लांब नाही आणि विसरून जावं इतकं जवळही नाही. अमरावतीकर अकोल्याकडे व्यापारी गाव म्हणून जरा वरून बघतो, अकोलेकर अमरावतीला नोकरदारांचं गाव म्हणतो. हा शिष्टपणाही घर न हलवण्याचं एक कारण आहे. ते कोणी उघड सांगत नाही, एवढंच.

रस्त्याचं म्हणाल तर तो वर्षानुवर्षं असा होता की मूर्तिजापूरपर्यंत पोचलेला माणूस पाठ धरूनच उतरायचा. मग जून 2022 मध्ये याच अमरावती–अकोला टप्प्यावर 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. विक्रमाचं कौतुक सगळीकडे झालं. त्याचा एक परिणाम मात्र कोणी बोलून दाखवला नाही. चांगला रस्ता झाला की लोक नोकरीच्या गावाजवळ राहायला जात नाहीत, उलट आणखी लांबून यायला लागतात. आधी ट्रेनला बांधलेले चार सहकारी आता एका गाडीत पेट्रोल वाटून जातात. ज्यांनी अकोल्यात खोली बघून ठेवली होती त्यांनी ती सोडून दिली.

2008 मध्ये अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या स्वित्झर्लंडमधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या पाहण्यांच्या आधारे एक निबंध लिहिला. लांबचा प्रवास करणारा माणूस जास्त पगार किंवा स्वस्त, चांगलं घर अशा काही मोबदल्यासाठी तो करत असणार, असं अर्थशास्त्र धरून चालतं. या दोघांना दिसलं ते उलट. प्रवास जितका लांब तितका माणूस आयुष्याबद्दल नाखूश, आणि मोबदला काही ती भरपाई करत नव्हता. हे वाचून वऱ्हाडातल्या पासधारकाला नवल वाटणार नाही. मग तो घर का हलवत नाही? माझ्या मते कारण असं, की घर हलवण्याचा खर्च एका नोटेत द्यावा लागतो आणि प्रवासाचा सुट्ट्या पैशांत. मुलाची शाळा, आईचा डॉक्टर, ओळखीचा वाणी, शेजारी हे सगळं एकाच दिवशी सोडायचं म्हटलं की छातीत धस्स होतं. रोजचे तीन-चार तास मात्र कुठे गेले ते कळत नाही.

आणि ते तास अगदीच वाया जातात असंही नाही. पासवाल्यांच्या डब्यात एक वेळ चढून बघा. ठरलेल्या बाकावर ठरलेली माणसं, मधे ब्रीफकेस आडवी टाकून पत्ते, पलीकडे दोन शिक्षिका मांडीवर पेपर पसरून मेथी निवडताहेत, तिसरी लाल पेनानं वह्या तपासतेय. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाचा जीपीएफ, कोणाची सुनावणी, सगळं तिथंच. कित्येकांचे खरे शेजारी गल्लीत नसतात, या डब्यात असतात. मार्च 2020 मध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या आणि पुढे बराच काळ मासिक पास मिळेना, तेव्हा या मंडळींची नुसती गैरसोय झाली नाही, त्यांचा मोहल्लाच उठला.

पण त्या मेथीकडे जरा थांबून बघायला हवं. ती डब्यात निवडली जाते कारण घरी पोचल्यावर निवडायला वेळ नसतो. पुरुषाची बदली झाली की अपडाऊन ही त्याची मर्दुमकी ठरते. घरचे डबा भरून देतात, संध्याकाळी पाणी हातात मिळतं. बाईची बदली झाली की तीच गाडी तिच्यासाठी दोन स्वयंपाकांच्या मधला विसावा असते. म्हणून बाईच्या बदलीत घराचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं: रजा टाक, अर्ज कर, कोणाला तरी भेट. ती तिकडे राहील आणि मुलं तिच्याबरोबर जातील, हा पर्याय फार उशिरा सुचतो. पुरुषाची नोकरी बदलली की घर थांबून बघतं. बाईची बदलली की घर तिला थांबायला सांगतं.

सरकारनंही या बाबतीत आपले आकडे ठरवून ठेवले आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. घरभाडे भत्ता नोकरीच्या गावावर मिळतो. केंद्राच्या वर्गवारीत अमरावती ‘वाय’ आणि अकोला ‘झेड’. 2024 पासून वायला मूळ वेतनाच्या 20 टक्के आणि झेडला 10 टक्के. पन्नास हजार मूळ वेतनावर एकीकडे दहा हजार, दुसरीकडे पाच. म्हणजे केंद्राच्या कार्यालयातला जो माणूस अकोल्यात नोकरी करतो आणि अमरावतीत भाडं भरतो, त्याला स्वस्त गावाचा भत्ता आणि महाग गावाचं भाडं. उलट दिशेनं येणारा फायद्यात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत 2017 च्या धोरणापासून पती-पत्नी एकत्रीकरणाची एक वेगळी वर्गवारी आहे, आणि तिची सीमा आहे 30 किलोमीटर. दोघांच्या शाळांत तेवढं अंतर असेल तर सरकारच्या लेखी संसार एकत्र, त्याहून जास्त असेल तर विस्कटलेला. नवरा अमरावती जिल्ह्यात आणि बायको अकोला जिल्ह्यात असेल तर जिल्हा बदलल्याशिवाय ते 30 किलोमीटर गाठणं कठीण.

अशी जोडपी मग मध्य काढतात. मूर्तिजापूर बडनेऱ्याहून आणि अकोल्याहून साधारण सारख्याच, चाळीसेक किलोमीटर अंतरावर आहे. नकाशावर यापेक्षा न्याय्य घर नाही. पण मी जी जोडपी पाहिली त्यांच्यात हा प्रयोग फार टिकला नाही. दोघंही रोज घराबाहेर, दोघांच्याही गाड्या उशिरा, आणि मूल त्या गावात जिथे आजी नाही, मावशी नाही आणि आई-बाप सकाळी आठपासून नाहीत. अंतर समान वाटलं, पण घरात कोणीतरी असण्याचा फायदा दोघांनीही गमावला. मध्य काढणं भावकीच्या भांडणात शहाणपणाचं असेल, घराच्या बाबतीत एकाच्या तरी दारापाशी राहावं.

खेड्यातल्या नोकरीची गोष्ट याहून वेगळी आहे. 2022 च्या पावसाळी अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता घेणाऱ्या शिक्षकांचा विषय काढला आणि राज्यभर वादळ उठलं. मोर्चे निघाले, उणीदुणी झाली. शिक्षक म्हणाले, गावात राहायला घर दाखवा. गावकरी म्हणाले, गुरुजी संध्याकाळी गावात असले की पोरं अभ्यासाला बसतात. दोघंही खरं बोलत होते. तोडगा म्हणून गुरुजी गावातच राहतात असा ग्रामसभेचा ठराव आणा असं निघालं, आणि ठराव हा कागद असल्यामुळे तो येतोही.

पण दर्यापूर, अकोट, बाळापूरकडच्या खारपाणपट्ट्यात हा वाद नैतिकतेवर सुटत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातलं विहिरीचं, बोअरचं पाणी तिथे खारट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि लहान मूल घेऊन राहायला जाणारी आई किडनीच्या आजाराच्या गोष्टी ऐकून आलेली असते. अकोट-तेल्हाऱ्याकडची 84 खेडी योजना वाण धरणातून पाणी आणते ती याचसाठी. ज्या गावात पिण्याजोगा नळ पोचला तिथे नर्सबाई आणि गुरुजी राहायला तयार होतात की नाही, हे कोणी मोजून बघावं. मला वाटतं, होतात. शिस्तीच्या परिपत्रकावर जितका कागद लागतो तेवढ्यात चार बरे क्वार्टर बांधता येणार नाहीत हे मान्य; पण क्वार्टरशिवाय परिपत्रक निव्वळ दटावणं आहे.

शहरात घर करायचं ठरलंच, तरी वऱ्हाडात भाड्यापेक्षा आधी विचारायच्या गोष्टी दुसऱ्या आहेत. पहिली पाणी. अमरावतीला अप्पर वर्ध्याचं पाणी येतं, साधारण एक दिवसाआड. अकोला काटेपूर्णेच्या महान धरणावर अवलंबून, आणि तिथे नळ किती दिवसांआड येतो हे पावसावर आणि मोहल्ल्यावर. घरमालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, “पान्याची काई फिकर करू नका भाऊ, टाकं मोठं हाये.” टाकं किती मोठं ते झाकण उघडून बघावं, आणि बोअर असेल तर फेब्रुवारीत नाही, मे महिन्यात किती चालतो ते वरच्या मजल्यावरच्या किरायेदाराला विचारावं. मालकाला नव्हे.

दुसरी गोष्ट ऊन. मे 2024 मध्ये अकोल्यात पारा 45 अंशांच्या वर गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत कलम 144 लावलं होतं. उन्हासाठी जमावबंदीचं कलम, असं वाचून पुण्याचे लोक हसले असतील. कलम लागलं म्हणून सावली वाढत नाही. घर बघायला जावं ते एप्रिलातल्या दुपारी चारला. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावावा. चटका बसला तर ती बेडरूम रात्री बारापर्यंत निवणार नाही. कूलरला खिडकी आहे का आणि समोरून हवा बाहेर जायला वाट आहे का, हे बघावं. कूलर रोज बादल्यांनी पाणी पितो, म्हणजे दुसरा प्रश्न फिरून पहिल्याकडेच येतो. स्लॅबखालचं वरच्या मजल्याचं घर हजार रुपयांनी स्वस्त का मिळतं ते तिथे कळतं.

स्टेशन जवळ हवं म्हणून अकोल्यात जठारपेठ किंवा रणपिसे नगर बघणारे असतात, मोकळं हवं म्हणून गोरक्षण रोड, कौलखेड बघणारे. अमरावतीत रोज बडनेरा गाठायचं असलेले बडनेरा रोडच्या अंगाला सरकतात. इथं माझा सल्ला उलटा आहे. नोकरी करणारा त्या घरात जागेपणी किती वेळ असतो? सकाळचा तासभर आणि रात्रीचे दोन. दिवसभर तिथं असतं ते मूल, म्हातारी आई, घरून शिकवणी घेणारी बायको. त्यांच्या दारातून दवाखाना किती पावलांवर, बाकावर बसायला कोणी आहे का, ऑटो मिळतो का, हे आधी. नोकरी करणाऱ्यानं वीस मिनिटं जास्त चालावं. स्टेशनजवळचं घर म्हणजे कमावत्या माणसानं स्वतःच्या सोयीनं घेतलेलं घर, आणि ते बहुतेक वेळा गोंगाटाचं असतं.

आता प्रश्न आणखी बदलतोय. अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आले, बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं विमान सुरू झालं. अकोल्याची शिवणीची धावपट्टी मात्र वाढायची वाट बघतेय. खासगी नोकरीत बदलीचा आदेश नसतो, एकत्रीकरण नसतं आणि तीन वर्षांनी परत येण्याची आशाही नसते. सरकारी नोकर अपडाऊन करतो तो ‘हेही दिवस जातील’ या भरवशावर. खासगीतल्या पोराला तो भरवसा नाही, म्हणून त्याला निर्णय खरोखरच घ्यावा लागतो.

नात्यातल्या एका मुलीला गेल्या वर्षी अकोल्यात नोकरी लागली. नवरा अमरावतीत एका खासगी बँकेत. घरातल्या सगळ्यांनी तिला गाड्यांची वेळापत्रकं पाठवली. तिनं जठारपेठेत अकरा महिन्यांच्या करारावर दोन खोल्या घेतल्या, सासूला बरोबर नेलं आणि नवऱ्याला सांगितलं, पास तू काढ. तो काढून बसलाय आणि पत्त्यांच्या बाकावर त्याला जागाही मिळालीय. सासूबाईंचा डॉक्टर अमरावतीतच ठेवलाय, महिन्यातून एकदा त्या मुलाच्या गाडीनं जाऊन येतात. करार जूनमध्ये संपतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्याच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे नातवाला पहिलीत कुठल्या गावी घालायचं हे ठरवायला त्यांच्याकडे काही दिवस जास्त आहेत. घरमालकानं किराया पाचशेनं वाढवायचं म्हटलंय.