वाहिन्यांची निवड आणि वासनेचा कारभार

उपग्रह-दूरचित्रवाणीच्या कंपन्यांपैकी कोणाची छत्री गच्चीवर बसवावी, हा प्रश्न तत्त्वचिंतनाच्या योग्यतेचा आहे असे सकृद्दर्शनी कोणी म्हणणार नाही. परंतु २००३ साली डिश टीव्ही, २००६ साली टाटा स्काय आणि त्यानंतर लवकरच एअरटेल, व्हिडिओकॉन आदी मंडळी या बाजारात रुजू झाल्यापासून मध्यमवर्गीय गृहस्थाच्या विवेकशक्तीला या मामल्याने बराच घाम फोडला आहे.

नैयायिकांनी आपल्या सोळा पदार्थांत संशयाला मानाचे स्थान दिले. अंधुक प्रकाशात समोर उभा आहे तो खांब की पुरुष, हा त्यांचा संशय फिटतो, तो हातापायांसारख्या एखाद्या विशेषाचे दर्शन झाल्यावर. आमच्या गृहस्थाची पंचाईत ही की, त्याला विशेषच सापडत नाही. वाहिन्या बहुतेक त्याच. उपग्रह सारेच विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर. आणि पुण्यातल्या एखाद्या गच्चीवर तंत्रज्ञ ‘सिग्नल आला का हो?’ असे खाली ओरडून विचारत नट आवळतो, तेव्हा छत्रीचे तोंड कोणत्याही कंपनीसाठी दक्षिण आणि पूर्व यांच्या दरम्यानच कोठेतरी स्थिरावते. (दक्षिण ही यमाची दिशा, याची आठवण करमणुकीसाठी आसुसलेल्या माणसाला कोण देणार?) मुसळधार पावसात चित्र गोठणे हेही सर्वांच्याच नशिबी. मात्र एका कंपनीची पेटी दुसरीकडे चालत नसल्यामुळे, ज्या निर्णयाला कारण नाही त्याचे बंधन तेवढे खरे ठरते.

१ फेब्रुवारी २०१९ पासून अंमलात आलेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या हुकमाने या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. प्रसारकाने प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करावी आणि ग्राहकाने हवी तीच वाहिनी घ्यावी, असे ठरल्याने ‘कोणाकडून’ या प्रश्नाच्या जागी ‘काय’ हा अधिक अवघड प्रश्न येऊन बसला. कित्येकांनी उत्तरच दिले नाही. अखेर मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवून, अशा मौनी ग्राहकांसाठी त्यांची पाहण्याची रीत, भाषा आणि वाहिन्यांची लोकप्रियता ध्यानात घेऊन कंपन्यांनीच ‘बेस्ट फिट प्लॅन’ आखावा, असे फर्मान सुटले.

हे फर्मान लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने योगशास्त्र वाचले असण्याचा संभव कमीच. तथापि कर्माशयाच्या विपाकातून जाती, आयुष्य आणि भोग प्राप्त होतात, या सिद्धांताचे इतके रोकडे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आपण निवड केलीच नाही अशा समजुतीत जो गृहस्थ स्वस्थ बसला, त्याने ती रोज संध्याकाळी, जेवणाचे ताट पुढ्यात घेऊन, आधीच करून ठेवली होती. दर्शनाने संस्कार घडला, संस्काराने वासना दृढ झाली, आणि कंपनीच्या दप्तराने त्या वासनेचे बिल तेवढे तयार केले. तेव्हा स्वातंत्र्य असेलच, तर ते कंपन्यांच्या दरपत्रकांची तुलना करण्यात नसून, सवय मागते ती एखादी वाहिनी यादीतून खोडण्याच्या क्षणी असावे, असे मला वाटते.

यावर एक आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो. शास्त्र एकेका जीवाविषयी बोलते आणि पेटी असते सबंध कुटुंबाची. आजीची कीर्तनाची वाहिनी बहुधा निःशुल्क असते, नातवाची क्रिकेटची सशुल्क, सुनेच्या मालिका तिसऱ्याच संचात, आणि रक्कम जाते आजोबांच्या खात्यातून. अशा घरात कोणाची वासना कोणाच्या नावे टाकावी, याचा निवाडा पतंजलींनी केलेला नाही.