दोनास तेरा

घरगुती सिलिंडरात 14.2 किलो गॅस असतो. जाणती माणसं तो दारातच काट्याला लावून घेतात आणि अर्धा किलो कमी भरला तर भांडतात. भांडावंच. पण शेगडीवर जे खर्च होतं, त्यातला गॅस हा लहान वाटेकरी आहे.

ब्यूटेनच्या ज्वलनाचं समीकरण शाळेत कधीतरी संतुलित केलेलं असतं: ब्यूटेनचे दोन रेणू, ऑक्सिजनचे तेरा. हे आकडे रेणूंच्या संख्येचे आहेत, वजनाचे नव्हेत, आणि पोरं नेमकी इथेच अडतात. दोनास तेरा म्हणून वजनही साडेसहा पट धरतात. तो गोंधळ मोल सोडवतो. एक मोल ब्यूटेन 58 ग्रॅम, एक मोल ऑक्सिजन 32 ग्रॅम. म्हणजे 116 ग्रॅम गॅसला 416 ग्रॅम ऑक्सिजन. सुमारे 3.6 पट. सिलिंडरात प्रोपेनही मिसळलेला असतो, पण त्याचा हिशेबही जवळपास तिथेच येतो.

आता हा 3.6 पूर्ण सिलिंडराला लावून बघा. ऑक्सिजन निघतो 51 किलो. हवेत तो वजनाने 23 टक्के, म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत कमीत कमी 220 किलो हवा ओट्यापाशी यावी लागते. ती येते खिडकीतून, दाराच्या फटीतून, पावतीशिवाय. फुकट मिळणाऱ्या वस्तूचं वजन करायचं आपल्याला सुचत नाही, एवढंच.

गणिताच्या पुस्तकात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे ‘ऑक्सिजन भरपूर आहे असे माना’ हे वाक्य छापलेलं असतं. मला ते वाक्य खटकतं. चार बाय पाच फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात जेमतेम साडेपाच किलो हवा मावते आणि तिच्यात ऑक्सिजन सव्वा किलो. दार-खिडकी बंद करून आत गॅस गिझर लावला, तर साडेतीनशे ग्रॅम गॅस जळताजळता तो सगळा संपेल. पण तितकं थांबावंही लागत नाही. ऑक्सिजन कमी पडू लागला की ज्योत बिघडते. तेराऐवजी नऊच रेणू मिळाले, तर त्याच दोन रेणू ब्यूटेनपासून कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. समीकरण तेव्हाही चोख संतुलित असतं. निसर्गाला त्यात काही चुकलेलं दिसत नाही.

गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. कार्बन मोनॉक्साइडला असा राखणदार नाही. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. अंघोळ करणाऱ्याला आधी नुसतं गरगरतं. वाफेने झालं असेल असं वाटतं. थंडीच्या दिवसांत अशा मृत्यूंच्या बातम्या येतात तेव्हा ‘गुदमरून’ हा एकच शब्द छापला जातो.

म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या गॅलरीत बसवायला सांगतात. पाण्याची नळी तेवढी पाच-सात फूट जास्त लागते, आणि घासाघीस नेमकी त्या नळीच्या पैशांवरून होते.