एकच रोप

प्रेम आणि चोरी यांत फरक काय, असं मला पूर्वी कुणी विचारलं असतं तर मी तासभर बोललो असतो. हल्ली विषय बदलतो.

त्याचं असं झालं. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी व्हावंच लागतं. मी बागवान झालो. एका परदेशी पुस्तकात आल्प्सवरच्या फुलांचं रॉक गार्डन पाहिलं आणि आमच्या पुण्याच्या गॅलरीत तसंच करायचं ठरवलं. चंदीगडला नेकचंदांनी टाकाऊ वस्तूंतून उभारलेलं रॉक गार्डन १९७६ साली लोकांसाठी खुलं झालं. टाकाऊ वस्तू आमच्याकडेही भरपूर होत्या. नेकचंदांचे हात तेवढे नव्हते. "दगड आणलेत, आता त्यात तुम्हीच उगवा," असं म्हणून सौभाग्यवतींनी उद्‌घाटन केलं.

आल्प्स परवडेना, म्हणून भोर. भाद्रपदात आंबवड्यावरून कोर्ल्याला गेलो, धापा टाकत लोखंडी शिडी चढलो आणि रायरेश्वराच्या पठारावर बघतो तर काय, रॉक गार्डन आधीच तयार! पिवळीधमक सोनकी, गुलाबी तेरडा आणि कातळावरच्या बोटभर ओल्या मातीत इवलीशी जांभळी सीतेची आसवं. पलीकडे वेल्ह्याच्या अंगाला राजगड-तोरणा ढगांत लपाछपी खेळत होते.

"एकच रोप घेतो. एकाने काय होतंय?" मी म्हणालो.

दुधाची किटली घेऊन एक आजी चालल्या होत्या. "न्या की," त्या म्हणाल्या, "पर तुमच्याकडं ऱ्हातंय का, ते त्याला इचारा."

रोपाला विचारण्याची आपल्यात पद्धत नाही. मी ते पोळीच्या डब्यात घातलं.

घरी त्याची जावयासारखी बडदास्त ठेवली. शेणखत काय, पेंड काय! चौथ्या दिवशी त्याने मान टाकली. वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक स्नेही म्हणाले, "अहो, त्या मातीत नत्र जवळजवळ नसतंच. म्हणून तर ते अंगावरच्या बारीक फुग्यांत चिमुकले जीव ओढून घेतं. त्याला खत मानवत नाही."

"म्हणजे मी मारलं?"

"प्रेमानं मारलंत, म्हणा हवं तर."

चोर म्हणाले असते तर एखादे वेळी झोप लागली असती. 'प्रेमानं' हा शब्द मात्र घशात अडकला. मुलालाही आपण असंच खत घातलं का, हे फोनवर विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

साताऱ्याचं कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथे रोज किती माणसं सोडायची, यावर मर्यादा घालावी लागली. तिथे येणारा प्रत्येकजण 'एकाने काय होतंय' म्हणतच आला असणार. एकाने काही होत नाही, हे खरं. पण नुसता 'एक' कधी येतच नाही. आणि मला तरी फूल कुठे हवं होतं? मला 'आमच्याकडे आहे' असं पाहुण्यांना सांगायला हवं होतं.

पुढच्या भाद्रपदात पुन्हा गेलो. हात पाठीशी बांधून कातळाच्या कडेला उकिडवा बसलो. त्याच आजी दिसल्या.

"ऱ्हायलं का वो?"

"नाही राहिलं, आजी. आता मीच येत जाईन दरवर्षी."

आजींनी एकदा शिडीच्या दिशेला पाहिलं, एकदा माझ्या गुडघ्यांकडे.

"ते बी त्यांनाच इचारा," त्या म्हणाल्या.